तुमच्या वाट्याचे पंचवीस हजार

महापालिकेचं बजेट म्हटलं की आपण पान उलटतो. पण सकाळी नळ सोडल्यापासून रात्री शेवटची बस पकडेपर्यंत आपला दिवस त्याच बजेटवर चालतो. मग शहराचे प्राधान्यक्रम ठरतात कसे, आणि त्यात आपण कुठे बसतो?

एक साधा हिशेब करू या. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. एवढे आकडे आपल्या डोक्यात शिरत नाहीत, म्हणून भागाकार करू. शहराची लोकसंख्या नेमकी किती, हे सांगायला ताजी जनगणनाच नाही. २०११ मध्ये ती ३१ लाखांच्या थोडी वर होती. त्यानंतर शहर वाढलं, गावं आली. सोपं जावं म्हणून ५० लाख धरा. माणशी साधारण २५ हजार रुपये आले. म्हणजे तुमच्या नावावर एका वर्षात महापालिका पंचवीस हजार खर्च करणार, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

आता सांगा, हे पंचवीस हजार तुमच्या हातात दिले असते तर तुम्ही कशावर खर्च केले असते? बसवर? होस्टेलजवळच्या रस्त्यावरच्या दिव्यांवर? पिण्याच्या पाण्यावर? अभ्यासिकेवर? की उड्डाणपुलावर?

मी हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर विचारला. पहिलं उत्तर आलं, "आम्ही कुठे टॅक्स भरतो?" दुसरं आलं, "माझं मतदान गावाला आहे." तिसरं, "चहा कोण पाजतंय?" तिसऱ्याचं उत्तर सोपं होतं. पहिल्या दोघांसाठी हा लेख.

आपण भरतो की!

महापालिकेच्या उत्पन्नाचे तीन मोठे खांब आहेत. एक, मिळकतकर. दोन, बांधकाम परवानग्यांमधून येणारं विकास शुल्क. तीन, जीएसटीचं अनुदान. पूर्वी जकात होती, मग एलबीटी आला, तो गेल्यावर २०१७ पासून त्याच्या बदल्यात राज्य सरकार जीएसटीतला पैसा महापालिकांना देतं.

म्हणजे तुम्ही कॉट बेसिसवर राहता, तेव्हा घरमालक मिळकतकर तुमच्याच भाड्यातून भरत असतो. मोबाईलचं रिचार्ज मारता, बूट घेता, वाढदिवसाला हॉटेलात जाता, तेव्हा जीएसटी भरता. पावती तुमच्या नावाची नसते, एवढंच. त्यामुळे 'आमचा काय संबंध' हा मुद्दा इथेच संपतो.

मधली चार वर्षं

पुणेकरांनी महापालिकेसाठी २१ फेब्रुवारी २०१७ ला मतदान केलं होतं. तेव्हा मी आठवीत होते. पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. पाच वर्षांनी व्हायची ती निवडणूक जवळपास नऊ वर्षांनी झाली. जुन्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ मार्च २०२२ पासून शहराचा कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा असं करत करत चार वर्षं गेली. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, पुढे मुदतवाढ मिळाली आणि मग कुठे मतदान झालं.

या काळात बजेटचं काय झालं? एरवी आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात बदल करते, मग ते मुख्य सभेत जातं. तिथे भांडणं होतात, घोषणाबाजी होते, कधी कधी राजदंड पळवला जातो. बघायला ते विनोदी वाटतं, पण त्या गोंधळात 'हे का?' असा प्रश्न कुणीतरी विचारत असतं. प्रशासकाच्या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. २०२३-२४ चं ९,५१५ कोटी, २०२४-२५ चं ११,६०१ कोटी आणि २०२५-२६ चं १२,६१८ कोटी. तीन वर्षांची बेरीज ३३,७३४ कोटी. एवढ्या पैशांवर लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाने सभागृहात हात वर केला नाही.

नगरसेवक असते तर सगळं छान झालं असतं, असं मी म्हणत नाही. ते असतानाचे किस्सेही आपण ऐकलेत. पण तक्रार घेऊन जायला एक दार असतं, ते चार वर्षं बंद होतं. आता ते उघडलंय. म्हणून प्राधान्यक्रमांबद्दल बोलायची हीच वेळ आहे.

कायद्यातच दोन याद्या

महापालिकेने काय करायचं, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये लिहिलंय. त्यातली दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत. पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, रस्ते, दिवे, अग्निशमन, प्राथमिक शिक्षण वगैरे. ही करावीच लागतात. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत. म्हणजे महापालिकेने ठरवलं तर आणि पैसे असले तर.

आता या दुसऱ्या यादीत काय काय आहे ते बघा. वाचनालयं आहेत. बागा आणि खेळाची मैदानं आहेत. आणि सार्वजनिक वाहतूकही तिथेच आहे. तुमच्या-माझ्या वयाची माणसं शहरात ज्या गोष्टी सगळ्यात जास्त वापरतात, त्यातल्या बऱ्याचशा कायद्याच्या लेखी 'जमलं तर' या खात्यात आहेत.

कायदा १९४९ चा आहे. तेव्हाचं पुणे सायकलवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येईल असं होतं. पुणे महापालिकाच मुळी १५ फेब्रुवारी १९५० ची. त्या वेळी बस ही सोय होती, आज ती गरज आहे. कात्रजला राहून कोथरूडच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला 'ऐच्छिक' हा शब्द ऐकवून बघा.

अर्थात ऐच्छिक म्हणजे पैसा मिळत नाही असं नाही. महापालिकेने स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय काढलं. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना महापालिका शिष्यवृत्ती देते, दहावीला १५ हजार आणि बारावीला २५ हजार. तुमच्यापैकी काहींनी ती घेतलीही असेल. मुद्दा एवढाच की या यादीतलं काय उचलायचं आणि काय ठेवायचं, हे कुणीतरी ठरवतं. आणि ज्याचा आवाज पोहोचतो, त्याचं काम उचललं जातं.

बसचा तोटा, पुलाचा विकास

पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. तिकिटातून खर्च निघत नाही, म्हणून दरवर्षी येणारी तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०-४० अशी वाटून घेतात. बातमी कशी येते? 'पीएमपी तोट्यात'. १ जून २०२५ पासून भाडेवाढ झाली. किमान भाडं पाचवरून दहा रुपये झालं. दिवसाचा पास ४० वरून ७० रुपयांवर गेला, मासिक पास ९०० वरून १५०० वर. कारण तेच, तोटा.

आता एक प्रश्न. उड्डाणपूल कधी तोट्यात गेल्याची बातमी वाचलीय? पुलावर टोल नसतो, तो एक रुपया कमवत नाही, वर देखभालीचा खर्च वेगळा. तरी पुलाच्या पैशाला आपण 'विकास' म्हणतो आणि बसच्या पैशाला 'तोटा'. दोन्ही आपल्याच खिशातून जातात. फरक हिशेबाच्या रकान्याचा आहे. पूल भांडवली खर्चात बसतो, बसची तूट महसुली खर्चात. पहिल्याचं भूमिपूजन होतं, फ्लेक्स लागतात, उद्घाटनाला मंत्री येतात. दुसऱ्याचं काय करणार? 'आज १७ तारखेला सुद्धा बस वेळेवर आली', असा फ्लेक्स कुणी लावत नाही.

किती बस हव्यात? केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या मानकांनुसार चांगल्या सेवेसाठी हजार लोकांमागे किमान ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० बस लागतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची २०११ ची लोकसंख्या साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या घरात होती. त्या जुन्या आकड्यानेसुद्धा २,९०० बस हव्यात. ताफा आहे दोन हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या सगळ्या रोज रस्त्यावर नसतात. देशातला पहिला बीआरटी मार्ग ज्या शहराने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर असा सुरू केला, त्याच शहराने पुढे नगर रस्त्यावरचा बीआरटी काढून टाकला.

दुसरी बाजूही मांडायला हवी. रस्ते तुंबलेत, हे खरं आहे. पुलावरून बसही जाते. मेट्रो आली, स्वारगेटपर्यंत पोहोचली, तिचा उपयोग आपण रोज बघतोय. पहिल्या टप्प्यातल्या तेहतीसेक किलोमीटरच्या मेट्रोने शहर बदललं, हे नाकारून चालणार नाही. पण मेट्रो स्टेशनवर उतरल्यानंतरचे तीन किलोमीटर कोण नेणार? ते काम बसचं आणि फूटपाथचं आहे.

आणि हे सगळं फक्त सोयीचं प्रकरण नाही. तुमच्या वर्गात एक तरी मुलगी असेल, जी संध्याकाळचा लेक्चर अर्धा सोडून निघते, कारण पुढची बस कधी येईल याची खात्री नाही आणि रिक्षाचे रोज दीडशे रुपये परवडत नाहीत. तिचा क्लास बुडतो, इंटर्नशिपची मुलाखत ती घेतच नाही, आणि घरचे म्हणतात, "जवळचंच काहीतरी बघ." तिच्या बुडालेल्या संधीचा हिशेब कुठल्याच बजेटमध्ये येत नाही. मुलाला घरचे कर्ज काढून बाईक घेऊन देतात, मुलीला म्हणतात जवळचं बघ. बसला मिळालेलं प्राधान्य असं घराघरात जाऊन पोहोचतं.

आधी इमारत, मग पाणी

जानेवारी २०२५ आठवतोय? सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी. गुलेन बॅरे सिंड्रोम हे नाव तोवर आपल्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. राज्यात दोनशेहून जास्त रुग्ण झाले, त्यातले बहुतेक पुणे परिसरातले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. नांदेड परिसराला विहिरीतलं पाणी क्लोरीन टाकून दिलं जात होतं, शहराच्या मध्यभागासारखं शुद्धीकरण प्रकल्पातून गेलेलं नव्हे. घरोघरी मुलांनी तेव्हा पाणी उकळून प्यायला सुरुवात केली.

असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये आणखी २३. शहराचं क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं, मुंबईपेक्षाही मोठं. नकाशा एका अधिसूचनेने मोठा होतो. पाण्याची लाइन मात्र एकेक खड्डा खणतच न्यावी लागते.

त्यात आणखी एक गंमत. २०२१ मध्ये आलेल्या त्या २३ गावांमध्ये नियोजनाचे अधिकार राज्य सरकारने पीएमआरडीएकडे दिले. म्हणजे बांधकामाची परवानगी एकाने द्यायची, आणि तिथे राहायला आलेल्यांना पाणी, कचरा, दिवे दुसऱ्याने द्यायचे. सोसायट्या उभ्या राहिल्या, टँकर सुरू झाले. तुम्ही त्या भागात फ्लॅट शेअर करून राहत असाल, तर टँकरचा खर्च मेंटेनन्समधून तुमच्याच माथी आला असेल.

महापालिकेने पाण्यासाठी काही केलंच नाही असं नाही. समान पाणीपुरवठ्याची, म्हणजे चोवीस तास पाण्याची योजना आली. त्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली तेव्हा सगळ्या देशात कौतुक झालं. टाक्या, जलवाहिन्या, मीटर असं काम सुरू झालं. मुदती उलटत गेल्या. जमिनीखालचं काम दिसत नाही आणि खोदलेला रस्ता मात्र सगळ्यांना दिसतो, त्यामुळे कौतुक कमी आणि शिव्या जास्त. हेही एक कारण आहे की जमिनीवरची कामं आधी होतात.

नदीचं उदाहरण

क्रम चुकला की काय होतं, ते मुळा-मुठेकडे बघून कळतं. जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या जायका संस्थेबरोबर करार झाला. ९९० कोटींचा प्रकल्प, ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं. शहराचं मैलापाणी थेट नदीत जाऊ नये म्हणून. २०२५ सालीही ही सगळी केंद्रं सुरू झालेली नव्हती. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. ४४ किलोमीटर काठ, खर्च सुमारे ४,७०० कोटी. बंडगार्डनच्या बाजूला त्यातलं काम दिसायलाही लागलं.

काठावर फिरायला जागा मिळावी, याला माझा विरोध नाही. पुण्यात फुकट बसायला जागा किती उरल्यात? पण फेरफटका मारताना नाकाला रुमाल लावावा लागणार असेल, तर आधी काय व्हायला हवं होतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. शिवाय पूर. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला आलेला पूर, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी. ओढे, नाले, पावसाळी गटारं ही कामं कलम ६३ मधली आहेत, ऐच्छिक नाहीत. ती वेळेत झाली तर बातमी होत नाही. झाली नाहीत, तर लोकांच्या घरात चिखल येतो.

चालणाऱ्यांचंही तसंच. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, फार कमी शहरांनी ते केलंय. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा असतो, रांगोळ्या असतात, रील्स निघतात. उरलेल्या ३६४ दिवसांचं धोरण कागदावर छान आहे.

बजेट खरं बोलतं कधी?

मी या लेखासाठी अंदाजपत्रकाचं पुस्तक वेबसाइटवरून उतरवून घेतलं. कँटीनमध्ये ते उघडलं तेव्हा मैत्रिणीला वाटलं, मी एमपीएससी सुरू केली. पहिल्या दहा पानांत काहीच कळलं नाही. मग ऑफिसमधल्या सीनिअरने एक युक्ती सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

नुसती या वर्षीची तरतूद बघायची नाही. आधीच्या वर्षी किती तरतूद होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाला, हे रकाने शेजारी शेजारी ठेवून बघायचे. तरतूद म्हणजे बोलणं आणि खर्च म्हणजे वागणं. एखाद्या कामाला सलग तीन वर्षं तरतूद दिसते आणि खर्च नाममात्र दिसतो, तर ते काम यादीत आहे, प्राधान्यात नाही.

दुसरा शब्द लक्षात ठेवा, 'वर्गीकरण'. एका कामासाठी ठेवलेला पैसा वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. ते बेकायदा नसतं, कधी कधी गरजेचंही असतं. पण पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला, हे बघितलं की शहराचा खरा प्राधान्यक्रम कळतो.

तिसरा शब्द, 'स' यादी. नगरसेवक आपल्या प्रभागासाठी जी छोटी कामं सुचवतात, त्यांची यादी. बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या हे तिथले जुने पाहुणे. नवं सभागृह आलंय, तेव्हा ही यादीही परत येणार. ती एकदा वाचा. आपल्या प्रभागात बाकडी किती आणि दिवे किती, हे मोजलं तरी बरंच कळेल.

मग आपण करायचं काय?

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक अशी एक पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातलं काम कुणीही सुचवू शकतं. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. दिवे, बसथांबा, फूटपाथची दुरुस्ती, स्वच्छतागृह अशी कामं त्यात बसतात. ही कल्पना मुळात ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली. १९८९ मध्ये तिथे वस्त्यावस्त्यांमधल्या लोकांनी एकत्र बसून शहराच्या गुंतवणुकीतला काही भाग कशावर खर्च करायचा हे ठरवायला सुरुवात केली, आणि गरीब वस्त्यांनी पाणी आणि ड्रेनेज मागितलं.

आपल्याकडे लोक बसून ठरवत नाहीत, अर्ज करतात. आणि रक्कम किती? समजा पाच-पाच लाखांची एक हजार कामं मंजूर झाली, तर ५० कोटी होतात. १२,६१८ कोटींमध्ये हे शंभर रुपयांतले चाळीस पैसे. म्हणून यालाच 'लोकसहभाग' म्हणून टाळ्या वाजवायचं कारण नाही. पण आपल्या गल्लीतले दिवे चाळीस पैशांत लागत असतील, तर ते चाळीस पैसे सोडायचे कशाला? एका होस्टेलमधल्या वीस जणींनी मिळून एका रस्त्याच्या दिव्यांसाठी अर्ज दिला, तर तो अर्ज वाचावाच लागतो. नाकारला, तर कारण विचारता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, वडापावपेक्षा स्वस्त.

मोठी लढाई वेगळी आहे. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात 'क्षेत्रसभा' आली. गावात ग्रामसभा असते, तशी शहरात मतदारांची सभा. नगरसेवकाने ती बोलवायची, लोकांनी कामांचा क्रम सुचवायचा. तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेलात? तुमचे आईबाबा गेलेत? कायदा आहे, सभा नाही. नव्या नगरसेवकांना पहिला प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा, "आमची क्षेत्रसभा कधी?"

आता कट्ट्यावरच्या दुसऱ्या मित्राकडे येते, ज्याचं मतदान गावाला आहे. लातूर, बीड, यवतमाळ, जळगावहून आलेली हजारो मुलं या शहरात तीन, पाच, सात वर्षं राहतात. स्पर्धा परीक्षेची तर मोजदादच नाही. इथलं पाणी पितात, इथल्या बसमधून लोंबकळतात, इथे आजारी पडतात. पण इथल्या मतदार यादीत नाहीत. त्यामुळे प्रभागात मतं मोजायला बसलेल्या उमेदवाराला ती दिसतच नाहीत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री अकराला किती मुलं असतात ते बघा, आणि निवडणुकीतल्या जाहीरनाम्यांत त्यांच्यावर किती ओळी होत्या ते आठवा.

नियम असा आहे की शिकायला बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा शिकतो तिथला पत्ता, यापैकी एक निवडून मतदार नोंदणी करता येते. नमुना ६ भरायचा, कॉलेजचा दाखला जोडायचा. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. गावाकडे आपल्या मताला किंमत आहे, तिथल्या ग्रामपंचायतीतही प्रश्न आहेत, त्यामुळे इथेच नोंदवा असं मी सांगणार नाही. पण निवड तुम्ही केलेली असावी, आळसाने केलेली नसावी.

शेवटचं

शहराचे प्राधान्यक्रम कुणी खलनायक बंद खोलीत बसून ठरवत नाही. ज्याच्या सोसायटीचा अध्यक्ष फोन करतो, त्याचा रस्ता आधी होतो. ज्या कामाची फीत कापता येते, ते आधी होतं. ज्या मतदारसंघात मतं आहेत, तिथे टाकी आधी भरते. या तिन्ही रांगांमध्ये विद्यार्थी सगळ्यात मागे असतो, कारण तो फोन करत नाही, त्याला बस हवी असते जिची फीत एकदाच कापता येते, आणि त्याचं मत गावाला असतं.

यातली एक गोष्ट तरी बदलता येईल. या आठवड्यात आपलं क्षेत्रीय कार्यालय कुठे आहे, एवढं शोधा. पुण्यात पंधरा आहेत, त्यातलं एक तुमचं. मग आपला प्रभाग क्रमांक बघा, नगरसेवकांची नावं बघा, आणि एक काम लिहून काढा. एकच. दिवा, थांबा, फूटपाथ, काहीही. आम्ही कट्ट्यावर तेच केलं. आमच्या यादीत पहिल्या नंबरवर रात्री साडेनऊनंतरची बस आली. ती पाच लाखांत बसत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ती मागणी अर्जात न लिहिता चारही नगरसेवकांना पत्र लिहून द्यायची, असं ठरलंय.

चहाचे पैसे मीच दिले. तुमच्या पंचवीस हजारांचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.